पिल्लाची कुळकथा

घरात कुत्रे पाळावे की पाळू नये, या प्रश्नावर मराठी कुटुंबांत जितकी भांडणे झाली असतील, तितकी वाटणीवरूनही झाली नसतील. आपल्या मनाचीच यात मोठी गंमत आहे. भिंतीवरच्या तसबिरीत दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, आणि ते चार वेद होत असे आपण मुलांना समजावून सांगतो. जेजुरीच्या खंडोबाच्या संगतीला कुत्रा असतो. स्वर्गाच्या वाटेवर धर्मराजाने इंद्राच्या रथात पाऊल टाकण्याचे नाकारले, ते कुत्र्यासाठीच. पण त्याच तसबिरीखाली एखादे जिवंत पिल्लू येऊन बसले, की “हाड! हाड!” करीत सारे घर त्याच्या मागे धावते! देवाच्या पायाशी ज्याला जागा, त्याला आपल्या उंबऱ्याशी नाही.

हा इतिहास चाळण्याचे कारण घरगुतीच आहे. मोर्शीच्या आमच्या घरी यंदा नातीने पिल्लाचा हट्ट धरला. हट्टही साधासुधा नव्हे. पुण्याला मामाच्या शेजाऱ्यांकडे तिने ‘लॅब्राडूडल’ नावाचा कुरळ्या केसांचा कुत्रा पाहिला होता आणि आपल्याकडे आणायचा तर तोच, असे तिने जाहीर केले. मुलाने किंमत विचारली आणि ती ऐकून तो खालीच बसला. सूनबाईंनी “केर कोण काढणार?” हा पेचाचा प्रश्न टाकला. सर्वांत वडील म्हणून निवाडा माझ्याकडे आला. जन्मभर मास्तरकी केलेला मनुष्य निवाड्याआधी पुस्तके उघडतो. मीही तेच केले.

पिल्लू वाढविण्याचा पुरावा किती जुना असावा? जर्मनीतील बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये खाणीतील मजुरांना एक प्राचीन दफन सापडले. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याजवळ कुत्र्याच्या पिल्लाचे अवशेष. काळ सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे शेतीच्याही आधीचा. २०१८ मध्ये त्या पिल्लाच्या दातांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध झाला. पिल्लू सुमारे सात महिन्यांचे असताना मेले होते, आणि त्याआधी त्याला डिस्टेंपर हा भयंकर रोग झाला असावा, असे दातांवरच्या खुणा सांगत होत्या. या रोगात शुश्रूषेवाचून पिल्लू फार दिवस जगत नाही. हे मात्र कित्येक आठवडे जगले होते. आजारी पिल्लू ना शिकारीच्या कामाचे, ना राखणीच्या. तरीही त्या रानवट माणसांनी त्याला ऊब दिली, पाणी पाजले, त्याची घाण काढली. सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर चौदा हजार वर्षांपूर्वी कोणीतरी देऊन ठेवले आहे!

आपल्या महाराष्ट्राचा पुरावाही लहान नाही. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला ब्राँझच्या वजनदार मूर्ती मिळाल्या. त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. त्यांत दोन बैलांचा एक सुंदर रथ आहे. रथात मनुष्य उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर कोण, तर कुत्रा! आजही बैलगाडीबरोबर निघालेल्या कुत्र्याला पाहून त्या अनाम कारागिराची आठवण होते.

आणि आमच्या मोर्शी तालुक्याने तर या विषयात दूर पाहण्याचे कारणच नाही. रिद्धपूर आमच्याच तालुक्यातले. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तेथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याच्या त्या आद्य ग्रंथात कुत्रीही आहेत. पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठ धरलेला एक ससा धावत येऊन श्रीचक्रधरस्वामींच्या आसऱ्याला लपतो आणि मागून आलेल्या पारध्यांच्या स्वाधीन तो करण्यास स्वामी नकार देतात, ही लीळा प्रसिद्ध आहे. त्या काळी कुत्रा हा कामाचा गडी होता. शिकार, राखण आणि मेंढरांमागे धावणे हा त्याचा संसार.

मराठेशाहीत मात्र एका कुत्र्याने राजदरबार पाहिला. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा जीव शिकारीत वाघापासून त्यांच्या कुत्र्याने वाचविला, तेव्हा महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. पुढे एक बडा सरदार भेटीला येणार म्हणून महाराजांनी या कुत्र्याला जरीची वस्त्रे व दागिने घातले आणि स्वतःचे पागोटेही त्याच्याच डोक्यावर ठेवले, अशीही आख्यायिका आहे. संगम माहुलीला त्याचे स्मारक दाखवितात. लोक त्याला खंड्या म्हणतात. रायगडावरील वाघ्याचे स्मारक सर्वांना ठाऊक आहेच, पण त्याच्या ऐतिहासिकतेविषयी वाद असल्याने मी नातीला खंड्याचीच गोष्ट सांगितली. तिने विचारले, “आबाजी, खंड्या कोणत्या जातीचा होता?”

प्रश्न मोठा मार्मिक होता, कारण कुत्र्याच्या जातीची वंशावळ ठेवण्याचे वेड पुष्कळच अलीकडचे आहे. १८५९ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला आणि भारतात तसा क्लब १८९६ मध्ये आला. म्हणजे चौदा हजार वर्षांच्या सोबतीत जातीच्या दाखल्याचे वय जेमतेम दीडशे वर्षे! ज्यांना आज आपण अस्सल म्हणतो, त्यांच्याही कुळात डोकावून पाहावे. जर्मनीतील आपोल्डा गावी डोबरमन नावाचा एक करवसुली कामगार होता. वसुलीला जाताना सोबत धाक बसविणारा कुत्रा हवा म्हणून त्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निरनिराळी कुत्री एकमेकांत मिसळून एक नवा कुत्रा तयार केला. तोच आजचा ‘शुद्ध’ डोबरमन. सारांश, प्रत्येक शुद्ध जात ही कोणा एकाने केलेली मिसळच असते. फक्त तिचा रस्सा मुरलेला असतो.

आपल्याकडच्या जातीही काही कमी घरंदाज नाहीत. लांब पायांचा, सडपातळ, वाऱ्यासारखा धावणारा कारवानी कुत्रा दख्खनच्या माळावरचा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची निगा राखली, म्हणून त्याला मुधोळ हाउंड हे नाव मिळाले. २००५ मध्ये त्याचे चित्र टपालाच्या तिकिटावर आले आणि २०१६ मध्ये भारतीय सैन्याने मुधोळची पिल्ले शिक्षणासाठी मेरठला नेली. पण हा गडी धावण्यासाठी जन्मलेला आहे. त्याला दोन खोल्यांच्या घरात साखळीने बांधणे म्हणजे घोड्याला माजघरात कोंडण्यासारखेच होय.

आता नातीच्या लॅब्राडूडलकडे येतो. हवाई बेटावरील एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण त्यांच्या यजमानांना कुत्र्याच्या केसांचे वावडे होते. ऑस्ट्रेलियातील अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन यांनी आधी पूडल जातीची कुत्री शिकवून पाहिली. ती या कामाला उतरली नाहीत, तेव्हा १९८९ मध्ये त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली, आणि त्यांपैकी सुलतान नावाचे पिल्लू त्या घरी चालले. खरी मौज पुढेच आहे. अशी पिल्ले काही महिने कुटुंबांत वाढवावी लागतात. पण ‘मिसळ’ पिल्लू घ्यायला एकही कुटुंब पुढे येईना! कॉनरननी मग ‘लॅब्राडूडल’ हे नाव पुढे केले, आणि लोकांची रीघ लागली. पिल्लू तेच, नाव तेवढे नवे! बाजार जागा झाला, जो तो पूडलशी कसलाही संकर करू लागला, आणि पुढे खुद्द कॉनरननाच आपल्या कृतीचा पश्चात्ताप झाला.

संकराचे मर्म वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. संकरित कपाशीचे बी पेरले की पहिले पीक एकसारखे येते. त्याच पिकाचे बी राखून दुसऱ्या वर्षी पेरले, तर एक झाड कमरेएवढे आणि दुसरे गुडघ्याएवढे. मिश्र पिल्लांचेही तसेच आहे. कोणाला कुरळे केस येतात, कोणाला सरळ. कोणाचा स्वभाव आईवर जातो, कोणाचा बापावर. अशा कुत्र्यांचे कोणाला वावडे होत नाही, हीसुद्धा जाहिरातच. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये तपासले, तेव्हा वावडे आणणारा पदार्थ अशा कुत्र्यांच्या घरच्या हवेत इतर कुत्र्यांच्या घरांपेक्षा कमी असल्याचे दिसले नाही. उलट पुडलसारखे दाट केस रोज विंचरले नाहीत तर त्यांच्या जटा होतात. मोर्शीच्या मे महिन्यात, जेव्हा पारा चव्वेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा ती लोकरीची घोंगडी अंगावर घेऊन त्या जिवाने जावे कोठे? कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकूनच शरीर निववितो. म्हणूनच बसक्या नाकाच्या पगची उन्हाळ्यात फार दैना होते.

येथे माझ्या आजीची बाजू मांडणे मला अवश्य वाटते. ती कुत्र्याला ओसरीवरही चढू देत नसे. “बगीच्यात ठेवा, राखण करीन, घरात नाई पायजे,” हा तिचा दंडक. संत्र्याच्या बगीच्यात आमची दोन गावठी कुत्री होतीच. रानडुकरे आणि रोही यांची चाहूल त्यांना जागल्याच्या आधी लागे. मग घरात का नको? कारण तिने आमच्याच आळीतला एक दहा वर्षांचा मुलगा पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने जाताना पाहिला होता. पाण्याचा पेला पाहून तो कसा घाबरे, हे ती म्हातारपणीही हलक्या आवाजात सांगे. तिच्या ‘हाड हाड’मागे सोवळे थोडे होते, आणि भय फार होते.

त्या भयावर विद्येने उतारा शोधला. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने पॅरिसला योझेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली आणि तो वाचला. १९०० मध्ये कसौलीला आणि १९०७ मध्ये कुन्नूरला आपल्याकडे पाश्चर संस्था निघाल्या. पोटातली ती चौदा इंजेक्शने ज्यांनी घेतली, ते अजून त्यांची आठवण काढतात. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस भारतात २००५ पर्यंत मागे पडली, आणि आता दंडात थोडी इंजेक्शने पुरतात. पण रोग झाल्यावर उपाय जवळजवळ नाहीच, हे आजही तितकेच खरे आहे. म्हणून कुत्रे चावले वा त्याचे दात नुसते लागले, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-तिखट-चुना भरू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून सगळी इंजेक्शने पुरी करावीत. आजीला हे सारे मिळते, तर कदाचित ओसरी मोकळी झाली असती.

मग पिल्लू निवडावे कसे? कलम घेताना जाणता बागाईतदार पाने पाहून भुलत नाही. खुंट जंबेरीचा आहे ना आणि मुळे धड आहेत ना, हे तो पाहतो. पिल्लाची मुळे म्हणजे त्याची आई. ती अंगावर न येता मोकळेपणाने जवळ येऊ देते का, ते पाहावे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये; २०१७ च्या नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकणे बेकायदेशीरही आहे. डोळे स्वच्छ, पोट ढोलासारखे फुगलेले नाही, एवढे पाहावे. फुगलेले पोट बहुधा जंतांचे असते. सर्वांच्या डोक्यावरून उडी मारून येणारे आणि कोपऱ्यात थरथरणारे, ही दोन्ही अनुभवी माणसांसाठी ठेवून घरच्यांनी मधले निवडावे.

जातीवरून स्वभाव सांगण्याचा मोह मात्र आवरावा. २०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासून शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला, की एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीमुळे असतो. मग उरलेले कोठून येते? पुष्कळसे बाळपणातून. स्कॉट आणि फुलर यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १९६५ मध्ये ग्रंथ लिहून दाखविले, की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या सहवासात येते, त्यांना ते जन्मभर आपले मानते. मुले, म्हातारी माणसे, सायकल, कुकरची शिट्टी, पाऊस, पाहुणे या साऱ्यांची ओळख त्याला याच दिवसांत प्रेमाने करून द्यावी. लसींचा आरंभ सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास करावा, सोळाव्या आठवड्यापर्यंत पशुवैद्य सांगतील तशा त्या द्याव्यात, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचावी आणि पुढे ती चुकवू नये. लहानपणी दिवसातून तीनचारदा थोडे थोडे खाऊ घालावे. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला विषासमान. लाडवातला मनुका प्रेमानेसुद्धा देऊ नये.

आमच्या घरी शेवटी बगीच्यातल्या गावठी कुत्रीच्या चार पिल्लांपैकी एक तांबूस पिल्लू आले. नातीने प्रथम तोंड फुगविले. “याच्या जातीचं नाव काय सांगू मैत्रिणींना?” मी म्हटले, “कॉनरनसारखे तूच एक ठेव.” दोन दिवस विचार करून तिने त्याची जात ‘मोर्शीडूडल’ अशी जाहीर केली, आणि नाव ठेवले खंड्या. केर कोण काढणार, याचे वेळापत्रक तिनेच भिंतीला लावले आहे. त्यात माझेही दोन वार आहेत. माझे वय पाहता हे पिल्लू बहुधा माझ्या मागे राहील. कुत्र्याचे आयुष्य बारा-चौदा वर्षांचे असते. हौस दोन महिन्यांत फिटली म्हणून त्याला गावाबाहेर सोडून येणाऱ्यांनी हा हिशेब पिल्लू आणण्यापूर्वीच करावा.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दारात पणत्या असतील आणि आभाळात फटाके. आपल्याहून किती तरी तीक्ष्ण कान असलेल्या जिवाला तो आवाज कसा वाटत असेल, याचा विचार करावा. त्या रात्री पिल्लाला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, घरच्या एखाद्या माणसाजवळ ठेवावे. आपल्या शेजारच्या नेपाळात या दिवाळीच्याच दिवसांत, नरकचतुर्दशीला, कुकुर तिहार साजरा होतो. कुत्र्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि त्याला गोडधोड खाऊ घालतात. दत्ताच्या तसबिरीला आपण हार घालतोच. यंदा त्यातली चार फुले उरली, तर ती कोणाच्या गळ्यात घालायची, हे मुलांना विचारावे. ती चटकन सांगतील.