उष्णतेचे पाट

वाहत्या पाण्याला शेतकरी दारे धरून हव्या त्या वाफ्यात वळवतो. उष्णतेच्या ओघाला असे दार बसवणे मात्र माणसाला फार काळ साधले नव्हते. तिला अडवता येई किंवा वाट करून देता येई. एका दिशेने सोडून उलट दिशेने रोखणे अवघड होते.

१८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रूडॉल्फ क्लॉसियस याने निसर्गाचा दंडक मांडला. त्याचा आशय असा, की उष्णता आपण होऊन थंड वस्तूकडून उष्ण वस्तूकडे जात नाही. १८६७ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने टेट या मित्रास लिहिलेल्या पत्रात या दंडकापुढे एक कोडे ठेवले. वायूने भरलेल्या पात्रातील पडद्याच्या छिद्रापाशी एक सूक्ष्म द्वारपाल बसला आहे. वेगवान रेणू तो एकीकडे सोडतो, मंद रेणू दुसरीकडे. मग श्रमावाचून एक बाजू तापेल आणि दुसरी निवेल! या कोड्याची उकल व्हावयास शतकाहून अधिक काळ लागला. माहिती पुसण्यालाही उष्णतेचे मोल द्यावे लागते, हे रॉल्फ लँडाउअर याने १९६१ मध्ये दाखवले. १९८२ मध्ये चार्ल्स बेनेट याने तो हिशेब द्वारपालाला लावला. त्याची वही कोरी करताना फुकट वाटलेले सारे फेडावेच लागते.

दरम्यान, तांबे आणि तांब्याचे ऑक्साइड यांच्या सांध्यातून उष्णता एका दिशेने अधिक सहज वाहते, असे १९३६ मध्ये सी. स्टार यास आढळले होते. २००६ मध्ये बर्कली येथे नॅनोनलिकांच्या एका टोकाकडे जड द्रव्याचा थर अधिक देऊन तसेच दार घडवण्यात आले. दोन दिशांतील फरक शेकडा दहाच्या आतच होता. २०१५ मध्ये इटलीतील पिसा येथे अतिवाहक धातूंच्या अतिशीत रचनेत एका दिशेचा ओघ उलट ओघाच्या सुमारे १४० पट झाला.

२०१९ मध्ये ब्राझीलमधील शास्त्रज्ञांच्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. क्लोरोफॉर्मच्या रेणूतील कार्बन आणि हायड्रोजन यांच्या अणुकेंद्रांत आधीच पुंजसंबंध जोडलेला होता. तेव्हा उष्णता क्षणभर थंडाकडून उष्णाकडे वाहिली. दंडक मात्र मोडला नाही. त्या ओघाची किंमत म्हणून तो जोडलेला संबंध खर्ची पडला.

अतिवाहक पुंजसंगणक निरपेक्ष शून्याच्या अगदी निकट तापमानात चालतात. किंचित आगंतुक उष्णताही त्यांची नाजूक अवस्था विस्कटते. म्हणून ही दारे हवीत. ती जरूर बांधता येतात. परंतु निसर्गाचे पाणीपट्टीचे खाते कोणालाच चुकवता येत नाही.