रांजणातला पाहुणा

कुत्रा पाळणाऱ्याला लोक हौशी म्हणतात, पोपट पाळणाऱ्याला रसिक म्हणतात; बेडूक पाळणाऱ्याला काय म्हणावे, हे आमच्या कळमन्यात कोणालाच सुचले नाही. १९९१ च्या पावसाळ्यात, नऊ वर्षांचा असताना, मी हा उद्योग केला होता. रेल्वेच्या रुळांकडेच्या डबक्यातून एक मोठा व एक लहान असे दोन बेडूक आणून मी परसातल्या जुन्या रांजणात ठेवले. पहिल्या पावसात या जातीचे नर हळदीसारखे पिवळे होतात आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून ओरडतात. त्या रंगाला मी भुललो. दुसऱ्या सकाळी पाहतो, तो रांजणात एकच बेडूक, आणि त्याच्या तोंडातून दुसऱ्याचा पाय बाहेर आलेला!

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ याने १८०२ साली या बेडकाच्या नावात वाघ घातला, हे पुढे वाचनात आले तेव्हा मला नवल वाटले नाही.

परंतु या वाघाशी माणूस फारसा सरळ वागलेला नाही. पाऊस लांबला की आमच्या विदर्भात धोंडी काढीत. मुसळाला बेडूक बांधायचा, कडुनिंबाचा पाला गुंडाळायचा आणि दारोदार पाणी मागत फिरायचे. तिकडे इटलीत गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचा पाय विजेने उडतो, हे १७९१ साली प्रसिद्ध केले. त्या वादातूनच व्होल्टाची बॅटरी जन्मली. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी बेडूक चिरला. ती वेळ माझ्यावर आली नाही. प्राणिशास्त्राच्या वर्गातली ही चिरफाड बंद करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली सांगितले.

सर्वांत मोठा संहार झाला तो व्यापारासाठी. परदेशी मेजवान्यांसाठी भारतातून बेडकांच्या तंगड्या टनावारी जात. बेडूक घटले की पिकावरची कीड वाढते आणि औषधफवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो, हा विचार हळूहळू पुढे आला. १९८५ साली या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आणि १९८७ साली भारताने ही निर्यातच बंद केली.

माझा बेडूक त्यानंतर चार वर्षांनी रांजणात आला. त्याला मी झुरळे चारी, नाकतोडे चारी. दसरा उलटला तसा तो खाईनासा झाला. रात्री मागच्या पायांनी रांजणाचा तळ खरवडीत बसे. आजी म्हणाली, “त्याले माती पायजे ना रे बाबू. आता तो जमिनीत जाते. सोडून दे.”

मी म्हणालो, “दिवाळी होऊ दे, मग सोडतो.”

पाहुण्यांना दाखवायचा होता ना! पाऊस सरल्यावर हा प्राणी माती उकरून स्वतःला पुरून घेतो आणि पुढच्या पावसापर्यंत तसाच राहतो, हे आजीला ठाऊक होते, मला नव्हते. भाऊबीजेच्या सकाळी तो रांजणाच्या तळाशी उताणा पडलेला दिसला. आजी काही बोलली नाही. तिने परसात खड्डा केला आणि त्याला हवी होती ती माती त्याला दिली.

यंदाच्या पावसाळ्यात वर्गातल्या एका मुलाने बादलीत असाच एक पिवळा बेडूक आणला. वन्यजीव संरक्षण कायद्याने हा बेडूक धरण्यास मनाई आहे, हे मी त्याला सांगितले. त्याचे तोंड उतरले. तेव्हा रांजणाची गोष्टही सांगितली. शाळा सुटल्यावर आम्ही दोघे रुळांकडे गेलो. माझे जुने डबके निम्मे विटामातीने बुजले आहे. उरलेल्या पाण्यात मुलाने बादली हळूच कलती केली.

“गुरुजी, हेही बुजवले तर?” त्याने विचारले.

मास्तरकी करून इतकी वर्षे झाली. पण याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.