खोड आणि थरथर (गुरांतील)

बैलाला जडलेली, कामात आडवी येणारी सवय म्हणजे खोड. इच्छेवाचून होणारी स्नायूंची हालचाल म्हणजे थरथर. बीडहून केजकडे जाताना मांजरसुंब्यापुढे लागणाऱ्या नेकनूरच्या बाजारात जनावर घेणारा आधी दात बघतो, दुसा (दोन दाती) की चौसा (चार दाती) ते ठरवतो आणि मग विचारतो, ‘‘खोड काय हाय?’’

माशी बसली की तेवढ्याच जागेचे कातडे थरारते. कातड्याखालच्या पातळ स्नायूला पाठीच्या कण्यातूनच हुकूम सुटतो, बैलाला विचार करावा लागत नाही. माणसाच्या पाठीला असा स्नायू उरलेला नाही. आपली पापणीही इच्छेवाचून लवते, ती बहुधा जागरणाने, थकव्याने किंवा चहाच्या अतिरेकाने. त्यात शकुन-अपशकुन काही नाही.

मारका, लाथाळ, जू टाकणारा, औताला बसणारा, जीभ काढून फिरवत राहणारा असे खोडील बैल ओळखले जातात. यातल्या पुष्कळ खोडी माणसाने लावलेल्या असतात. खांदा सुजलेला बैल जुवाखाली बसणारच. त्याला पराणी टोचली की बसणे पक्के होते. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी वर्षातून एकदाच होते, खांदा मात्र रोज पाहायला हवा. जीभ फिरवण्यामागे वैरणीची कमतरता आणि सतत दावणीला बांधून राहणे ही मुख्य कारणे आहेत.

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून बैल पारखण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतील अभ्यासक टेम्पल ग्रँडिन आणि सहकाऱ्यांना १९९५मध्ये असे आढळले, की कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली गुरे अडकवून धरल्यावर अधिक बिथरतात. एवढ्यावरून अंगावरचा एखादा भोवरा धन्याला बुडवतो असे ठरत नाही. भोवऱ्याच्या नावाखाली गरजू शेतकऱ्याचा भाव पाडणे हा अन्याय आहे.

माशीने येणाऱ्या थरथरीहून आजाराची थरथर मात्र वेगळी ओळखावी. गाय व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथरली, झोकांड्या खाऊ लागली, मान कुशीकडे वळवून बसली, तर रक्तातले कॅल्शियम घटलेले असते. शिरेतून दिलेल्या कॅल्शियमने ती बहुधा लवकर उठते, पण ते काम पशुवैद्यकाचेच. फवारणीचे औषध पोटात गेल्यानेही लाळ गळते आणि अंग फडफडते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता १९६२ या क्रमांकावर फोन करावा.