घरोघरी मायग्रेशन

गेल्या शनिवारी आमच्याकडे पाईपचा गॅस आला. फिटरने शेगडीचे जेट काढून मोठ्या छिद्राचे बसवले, कारण नैसर्गिक वायूत घनमीटरमागे सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहून कमी उष्णता असते. अर्ध्या तासात काम फत्ते. आई म्हणाली, "एवढंच?"

ब्रिटनला याच कामाला दहा वर्षं लागली, आई!

तिथे एकोणिसाव्या शतकापासून कोळशाचा 'टाउन गॅस' पाईपने मिळायचा. १९६५ साली उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. गोची अशी, की त्याची उष्णता टाउन गॅसच्या दुप्पट, पण ज्योत संथ. टाउन गॅसमध्ये जवळपास निम्मा हायड्रोजन असल्याने तो झपाट्याने जळायचा. जुन्या बर्नरवर नवी ज्योत उचलली जाऊन विझायची.

मग १९६७ ते १९७७ एकेक वस्ती घेऊन, तिचा गॅस तोडून, सव्वा कोटीहून जास्त ग्राहकांच्या शेगड्या आणि हीटर घरी जाऊन बदलले. आपण रात्री पॅच टाकतो, फसला तर सकाळपर्यंत जुनं व्हर्जन परत. इथे एकाच पाईपमधून दोन गॅस देता येत नव्हते. रोलबॅक विसरा!

पण मला खरी भावली ती वेगळीच गोष्ट. टाउन गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असायचा. नुसत्या गळतीने झोपेतली माणसं दगावायची. नैसर्गिक वायूत तो नसतो. घराघरातल्या पाईपमधून विष निघून गेलं.

अर्थात हवा कमी पडली तर तो जळतानाही तयार होतोच. आईला एवढं सांगितलं. तिने खिडकी उघडली आणि चहा टाकला.