पाव मैलाची शाळा : पहिल्यांदा ड्रॅग रेसला जाताय?

आजचा भाग थोडा वेगळा आहे. इतिहास आहेच, पण हातात धरून वापरता येईल असा. गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, घरची साधी हॅचबॅक आहे, काही बदल केलेले नाहीत. ड्रॅग रेसला नाव नोंदवलंय. लोक हसतील का? आणि तिथे करायचं काय असतं?"

हसणार कुणी नाही. कारण हा खेळ जन्माला आला तोच मुळी रोजच्या वापरातल्या गाड्यांमधून. तिथे करायचं काय, हे मी नुसती यादी देऊन सांगू शकतो. पण प्रत्येक नियमामागे एक गोष्ट आहे, आणि ती कळली की नियम पाठ करावा लागत नाही.

तर चला कॅलिफोर्नियाला. १९३० चं दशक. लॉस एंजेलिसच्या पलीकडे वाळवंटात म्युरॉक आणि एल मिराज अशी कोरडी तळी आहेत. पाणी नाही, नुसती सपाट, टणक माती. १९३२ मध्ये फोर्डने स्वस्तातली व्ही-एट इंजिनाची गाडी आणली होती. पोरं जुन्या फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढून टाकायची आणि तळ्यावर जाऊन पळवायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. नावात 'रेसिंग' नाही, 'टायमिंग' आहे. म्हणजे भांडण घड्याळाशी. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग महायुद्ध. म्युरॉकचं तळं लष्कराकडे गेलं. आजचा एडवर्ड्स हवाई तळ तो हाच. युद्ध संपल्यावर हजारो तरुण घरी परतले. हातात थोडा पैसा, आणि सैन्यात शिकलेलं मेकॅनिकचं काम. वाळवंट लांब पडायचं, रस्ता मात्र दाराशी. मग सिग्नलला दोन गाड्या शेजारी उभ्या राहिल्या, हिरवा पडला की सुसाट. माणसं मरायला लागली. वर्तमानपत्रांत 'हॉट रॉड' हा शब्द जवळजवळ शिवी झाला.

आता इथे दोन वाटा होत्या. एक, सरसकट बंदी. दुसरी वाट काही मोजक्या लोकांनी धरली: यांना रस्त्यावरून हटवायचं असेल तर दुसरी जागा द्या.

जागा मिळाली ती धावपट्ट्यांवर. १९५० च्या उन्हाळ्यात सी. जे. हार्ट नावाच्या गृहस्थाने सांता अ‍ॅना इथल्या विमानतळाच्या एका जादा धावपट्टीवर दर रविवारी शर्यती सुरू केल्या. तिकीट पन्नास सेंट. त्याची बायको पेगी नुसती बघत बसायची नाही, ती स्वतः गाडी पळवायची. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी केली, तीच एनएचआरए. १९५४ मध्ये त्यांची चार माणसं एक स्टेशन वॅगन आणि ट्रेलर घेऊन देशभर फिरायला निघाली. ट्रेलरमध्ये वेळ मोजायची यंत्रं. गावागावांत जायचं, पोलिसांना भेटायचं, स्थानिक क्लबला सुरक्षित शर्यत कशी भरवायची ते शिकवायचं. या चौघांचा म्होरक्या होता बड कून्स, पोमोना पोलिसांतला सार्जंट. म्हणजे रस्त्यावर ज्याने पावती फाडायची, तोच माणूस पोरांना ट्रॅक आखून देत होता.

पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला झाली. तीही युद्धकाळातल्या हवाई तळावर, जिथे बी-२९ बॉम्बरचे वैमानिक तयार व्हायचे. पावसाने स्पर्धा अर्धवट राहिली आणि शेवटच्या फेऱ्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅरिझोनात उरकाव्या लागल्या.

आता तुमच्या गाडीकडे येऊ.

आधी तपासणी. रांगेत लागण्याआधी कुणीतरी तुमची गाडी बघणार. वैतागू नका, या खेळाची अब्रू त्या तपासणीमुळेच वाचली. डिकी रिकामी करा: जॅक, पाण्याच्या बाटल्या, स्पीकर, सगळं खाली. सीटखाली लोळणारी बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल, विचार करा. चाकांचे नट घट्ट, बॅटरी नीट बांधलेली, कुठे तेल गळत नाही ना ते बघा. एनएचआरएच्या नियमात पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला हेल्मेट सक्तीचं आहे. आपली साधी हॅचबॅक तिथवर पोचत नाही. तरीही हेल्मेट घालाच, आणि आयोजकांचा नियम त्याहून कडक असेल तर तो पाळा. एसी बंद ठेवा. एसीचं पाणी थेंबथेंब ट्रॅकवर पडतं आणि मागून येणाऱ्याचं चाक त्यावर घसरतं.

पाण्याचं डबकं. स्टार्ट लाइनच्या मागे मुद्दाम ओली केलेली जागा असते. तिथे मोठ्या गाड्या चाकं फिरवून धूर काढतात. त्यांचे गुळगुळीत टायर त्याने तापतात आणि चिकट होतात. तुमच्या टायरला नक्षी आहे. तिच्या खाचांत पाणी भरतं आणि ते तुम्ही थेट स्टार्ट लाइनवर नेऊन सांडता. म्हणून डबक्याला वळसा घाला. व्हिडिओसाठी धूर हवा असेल तर तो मोह इथेच सोडा.

दिव्यांचं झाड. सुरुवातीला दोन गाड्यांच्या मधोमध झेंडा घेतलेला माणूस उभा असायचा. झेंडा वर गेला की गाड्या त्याच्या दोन्ही बाजूंनी सुटायच्या. कुणी आधी निघालं की वाद. १९६३ मध्ये त्याच्या जागी दिव्यांचा खांब आला, त्याला 'क्रिसमस ट्री' म्हणतात. वरचे दोन छोटे दिवे तुमची जागा सांगतात. पहिला लागला की अगदी सावकाश पुढे, दुसरा लागला की थांबा, इंचभरही पुढे नको. मग पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने खाली उतरतात आणि शेवटी हिरवा. आधी सुटलात तर लाल, खेळ खलास.

आणि इथे ती 'टायमिंग'ची गोष्ट परत येते. तुमच्या पाव मैलाचं घड्याळ हिरव्या दिव्याने सुरू होत नाही, तुमचं पुढचं चाक किरणातून सुटलं की सुरू होतं. म्हणजे हिरवा लागल्यावर तुम्ही तीन सेकंद तसेच बसून राहिलात तरी तुमची वेळ तीच येईल. शेजारचा पुढे जाईल, ते वेगळं. म्हणून पहिल्या फेरीत शेजाऱ्याकडे बघूच नका. हिरवा नीट दिसू द्या, मग निघा. सवय झाली की कळेल, अनुभवी लोक शेवटच्या पिवळ्यावरच पाय उचलतात, कारण पाय हलण्यात आणि गाडी हलण्यात थोडा वेळ जातोच.

पहिले साठ फूट. अंतर १३२० फूट, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. पण निकाल बराचसा पहिल्या साठ फुटांत लागतो. सुरुवातीला वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटी त्याहून जास्त होऊन मिळतो. पूर्ण रेस देऊन क्लच सोडलात तर चाकं जागेवर फिरतात. आवाज भारी, वेळ बेकार. मध्यम आरपीएमवर क्लच लवकर पण सांभाळून सोडा, गाडीने जमीन पकडली की पाय पूर्ण दाबा.

शेवटची रेघ ओलांडल्यावर. करकचून ब्रेक नको. ट्रॅक पुढे लांब असतो तो यासाठीच. आपल्या लेनमध्ये राहा, शेजारचा कुठे आहे ते बघा, मगच वळा. बराच गोंधळ रेस संपल्यावर होतो.

परत येताना एक चिठ्ठी मिळेल: प्रतिक्रियेची वेळ, साठ फुटांची वेळ, मधले टप्पे, शेवटची वेळ आणि वेग. पहिल्या दिवशी एकच काम करा. दर फेरीला एकच गोष्ट बदला आणि चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचा.

साध्या गाडीने जिंकता येतं का? अमेरिकेत १९७० च्या दशकात त्यासाठी 'ब्रॅकेट रेसिंग' फोफावलं. आपली गाडी किती वेळ घेईल ते तुम्ही आधीच काचेवर लिहायचं. समजा तुम्ही १८ लिहिलं आणि शेजारच्या स्पोर्ट्स कारने १२, तर तुम्हाला सहा सेकंद आधी सोडतात. लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. म्हणजे खोटं लिहून चालत नाही. जो आपली गाडी खरी ओळखतो, तो जिंकतो.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वर्ग इंजिनाच्या सीसीवर असतात. जागेची गोष्ट मात्र तीच. चेन्नईजवळच्या शोळावरमला महायुद्धातल्या धावपट्टीवर अनेक वर्षं शर्यती झाल्या. आपल्या लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होतात.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण रात्री रिकाम्या हायवेवर 'एकच रन' मारणारे आपल्या श्रोत्यांतही असतील. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंड जाऊ द्या. हायवेवर समोरून ट्रॅक्टर येतो, दुभाजकातून कुत्रं येतं, दूधवाला येतो. त्यांनी तुमच्या रेसमध्ये नाव नोंदवलेलं नसतं. सत्तर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या पोरांनी हेच शिकायला बरेच मित्र गमावले. आपण तो धडा फुकट घेऊ शकतो.

तर जा, नाव नोंदवलंच आहे तर जा. टायरमधली हवा सकाळी तपासा, पाणी भरपूर प्या, आणि चिठ्ठीचा फोटो मला पाठवा. वेळ कितीही येऊ दे. पुढच्या भागात भेटू.