शब्दार्थ, संदर्भ आणि धर्मसत्ता : पंडिता रमाबाईंचे बायबल-वाचन

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत बायबलचा अर्थ हा केवळ मिशनऱ्यांचा विषय राहिला नव्हता. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि जॉर्ज बोवेन यांचा वाद समुद्रकिनारी, भर लोकांत झाला. परंतु तेथे दोन धर्म समोरासमोर उभे होते. ख्रिस्ती धर्म स्वीकारूनही त्याच्या ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवण्याचा प्रश्न पंडिता रमाबाईंनी अधिक तीव्रतेने उपस्थित केला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरचा सिस्टर जेराल्डिन व डोरोथिया बील यांच्याशी झालेला पत्रव्यवहार पाहता त्रैक्याच्या सिद्धांताविषयी रमाबाईंच्या मनात गंभीर शंका होत्या, असे दिसते. चर्चने ठरविलेला अर्थ प्रमाण मानावा, ही अपेक्षा त्यांना मान्य नव्हती. मूळ वचन काय सांगते, हे त्यांना पाहावयाचे होते. क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, हा त्यांचा आग्रहही याच वृत्तीचा. येथे शब्दनिष्ठा ही कर्मठपणाची खूण नसून धर्मसत्तेपासून मोकळे होण्याचा मार्ग ठरते. शास्त्रार्थाच्या परंपरेत वाढलेल्या विदुषीला हे अपरिचित नव्हते.

मुंबईत चौपाटीजवळ ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन सुरू झाले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्द सामान्य स्त्रियांना दुर्बोध होते; शिवाय त्यांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले होते, अशी त्यांची धारणा होती. अडचण खरी होती. हिब्रूतील ‘रूआख’ म्हणजे वारा, श्वास आणि आत्माही. उत्पत्तीच्या आरंभीच तो शब्द येतो. तेथे ‘आत्मा’ म्हटले की मराठी वाचकाला वेदान्त आठवणार, ‘वारा’ म्हटले की दैवी अर्थ निसटणार. म्हणजे शब्दशः भाषांतर करावयाचे तरी संदर्भ टाळता येत नाही. रमाबाईंची मराठी काही ठिकाणी ओबडधोबड झाली, हे मान्य करावे लागते. बायबल सोसायटीच्या भाषांतराची जागाही तिने घेतली नाही. मात्र तिच्यासमोरचा वाचक निराळा होता.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे तेथील स्त्रियांनी जुळविले होते.