गोठीची यादी

जयपूरच्या पूर्व अंगाला अरवलीची रांग शहराला खेटून उभी आहे. गलता, पुराना घाट, झालाना डुंगरी ही सगळी तिचीच ठिकाणे. सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये जयपूर वसवले आणि वर्षभरातच घाटाच्या वाटेवर सिसोदिया राणीची बाग आकाराला आली. एरवी करपून गेलेले हे डोंगर पावसाच्या चार सरी पडल्या की हिरवे होतात आणि जयपूरकरांना घर खायला उठते. मग निघते गोठ.

गोठ म्हणजे पावसाळ्यातले वनभोजन. पण घरून डबे भरून न्यायचे आणि सतरंजीवर उघडायचे, असा प्रकार तिथे नाही. पीठ, तूप, डाळ, गोवऱ्या, पातेली सगळे बरोबर न्यायचे आणि जागेवर रांधायचे. बेत ठरलेला असतो: दाल, बाटी, चुरमा. दगडांची चूल मांडून कुणी डाळ शिजत घालतो. कुणी जाडसर कणीक घट्ट मळून गोळे वळतो. गोवऱ्या पेटवून त्यांचा जाळ ओसरू द्यायचा आणि मग त्या धगीत बाट्या भाजायच्या. भाजलेल्या बाटीवरची राख फडक्याने झटकायची, मुठीत दाबून तिला तडा पाडायचा आणि तुपात बुडवायची. चुरम्यासाठीचे गोळे कुटून त्यात तूप आणि साखर मिसळणे हे मनगटाचे काम. पुष्कळ गोठींत ही सगळी उठाठेव पुरुष मंडळीच करतात. जेवायला दुपार टळते. तोवर पत्ते, गप्पा, गाणी आणि एकमेकांच्या बाट्यांची टिंगल.

विदर्भातल्या वाचकाला यात रोडग्यांचे जेवण दिसेल आणि खानदेशातल्या वाचकाला बट्टी. कार्तिकातले आवळीभोजन आणि थंडीतला हुरडा हेही याच कुळातले. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती: कुणाला बोलवायचे ते आधीच ठरलेले असे. गोठ मोहल्ल्याची, जातीची, नाहीतर बाजारातल्या शेजारी दुकानदारांची. हुरड्याला सोयरे, आवळीभोजनाला आळीतल्या बायका. ओळख आधी, जेवण नंतर.

हा क्रम इंटरनेटने बदलला असे वाटते, पण नीट पाहिले तर त्याने फक्त बोलावण्याची यादी बदलली. अमेरिकेत 1985 मध्ये ‘द वेल’ नावाचा संगणकावरचा गप्पांचा अड्डा सुरू झाला. तिथे पडद्यावर तावातावाने भांडणारी माणसे थोड्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसलिटो गावात, अड्ड्याच्या कचेरीत प्रत्यक्ष भेटू लागली. हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांनी 1993 च्या आपल्या पुस्तकात हे मेळावे वर्णिले आहेत.

मराठीत हे घडले ते ‘मायबोली’वर. 1996 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या संकेतस्थळावर जगभरचे मराठी लोक टोपणनावाने लिहू लागले. मग गावोगावी ‘गटग’, म्हणजे गेट-टुगेदर, भरू लागली आणि पावसाळ्यात वर्षाविहार, म्हणजे मायबोलीकरांच्या तोंडचा ‘ववि’, निघू लागला. एक बस मुंबईहून, एक पुण्याहून, आणि भेट मधल्या एखाद्या ठिकाणी. तिथे खरे नाव विचारण्याआधी ‘तुमचा आयडी काय?’ असे विचारतात. भारदस्त टोपणनावाच्या मागून कॉलेजातली मुलगी निघते आणि वात्रट प्रतिसाद देणारा निवृत्त गृहस्थ निघतो. सांस्कृतिक समिती खेळ घेते, भिजणे होते, जेवण होते. सगळ्यांनी सारखे टी-शर्ट घालायचे आणि त्यांच्या विक्रीतून सामाजिक संस्थांना देणगी द्यायची, हीसुद्धा तिथली रीत. जात, आळी, दुकान यांपैकी काहीच समान नसलेली ही माणसे. समान फक्त वाचलेले आणि लिहिलेले.

पडद्यावरच्या ओळखीने जमणारी अशी माणसे आता जयपुरातही दिसतात, आणि तीही झालानाच्या रानात. हे रान तसे सर्वसामान्यांच्या गोठीचे नव्हतेच. ते जयपूरच्या राजघराण्याचे शिकारीचे रान. टेकडीवरची शिकार ओदी, म्हणजे दबा धरून बसायची दगडी इमारत, अजून उभी आहे. पुढे याच डोंगरात दगडाच्या खाणी चालल्या आणि मग बंद झाल्या. पायथ्याशी सरकारी कचेऱ्या आणि संस्था आल्या. आता तिथे बिबट्यांसाठी सफारी आहे. एका उघड्या जिप्सीत सहा पर्यटक. ‘फ्लोरा’ नावाची मादी किंवा ‘राणा’ नावाचा नर यांची छायाचित्रे फोनवर अनेकदा पाहणारा आणि ती टिपणारा, असे दोघे इथे एका बाकावर येऊ शकतात. चूल मात्र पेटवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. सफारीनंतरचा चहा-नाश्ता फाटकाबाहेर.

गोठी त्यामुळे संपल्या नाहीत. त्या शेतघरांत आणि मंदिरांच्या आवारात भरतात. दिल्ली रस्त्यावरच्या खोले के हनुमानजी मंदिरात सवामणीच्या, म्हणजे सवा मणाच्या, नैवेद्यासाठी रसोया, म्हणजे स्वयंपाकघरे, बांधलेल्या आहेत आणि तिथे पंगती उठतच असतात.

ववि किंवा गटग ठरवणाऱ्यांनी या गोठीकडून एक गोष्ट जरूर उचलावी: रिसॉर्टचा तयार बुफे सोडून निदान एक पदार्थ सगळ्यांनी मिळून रांधावा. पडद्यावर महिनोन्‌महिने वाद घातलेल्या दोघांना एकाच परातीत कणीक मळायला बसवा. आणि जयपुरातली गोठ बघायची असेल तर तिकिटे काढताना पंचांग पाहा. तिथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो.